गोळीचा खाडा

गेल्या महिन्यात या पानावर बीपीच्या गोळ्यांबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी सहज म्हटलं होतं की थायरॉइडच्या गोळीचं काही विचारायचं असेल तर पाठवा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक बायकांची, बहुतेक मुंबईतलीच, आणि फिरून फिरून प्रश्न एकच, रोज लक्षात कसं ठेवायचं. म्हणून या वेळचं पान सगळं त्यालाच देतेय.

नवीन वाचकांसाठी सांगते, मी फार्मासिस्ट आहे, लालबागला एका मेडिकलच्या काउंटरमागे २६ वर्षं काढली, आणि स्वतः १७ वर्षं ही गोळी घेतेय. डॉक्टर नाही, त्यामुळे डोस किती हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. आणि खालचं सगळं थायरॉइड कमी असणाऱ्यांबद्दल आहे, म्हणजे ज्यांच्या बाटलीवर थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स असं काहीतरी नाव असतं आणि आत औषध एकच असतं, लेव्होथायरॉक्सिन. ज्यांचं थायरॉइड जास्त आहे आणि कार्बिमॅझोल चालू आहे त्यांनी हे नियम स्वतःला लावू नयेत, ते औषध वेगळं, त्याच्या वेळाही वेगळ्या.

प्रश्न : ताई, मी भांडुपला राहते, वय ४१, फोर्टला ऑफिस. सहा वर्षांपासून थायरॉइडची गोळी आहे, पन्नासची. पाणी साडेपाचला येतं ते सातपर्यंत, त्यात भरायचं, दोन मुलांचे डबे, मिस्टरांचा डबा, ते ६:४० ला निघतात. सासूबाईंना सहाला चहा लागतो आणि त्या एकट्या चहा पीत नाहीत म्हणून मीपण त्यांच्याबरोबर अर्धा कप घेते. गोळी आठवते ती ट्रेनमधे, घाटकोपर गेलं की, आणि तोपर्यंत पोहे खाऊन झालेले असतात मग वाटतं आता काय उपयोग, उद्या घेऊ. आठवड्यातून तीन-चार दिवस तरी असंच होतं. परवा रक्ताच्या टेस्टमधे टीएसएच ११.८ आला, हा आकडा वाढला म्हणजे थायरॉइड कमी पडतंय म्हणे, डॉक्टरांनी पंच्याहत्तरची लिहून दिली. मी त्यांना काही बोलले नाही. मिस्टर म्हणाले एक गोळी लक्षात ठेवता येत नाही का तुला. मोबाइलला अलार्म लावून बघितला, तो वाजतो तेव्हा हात कणकेत असतात. मी एवढी विसराळू नव्हते हो. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही लिहिलंय की विसरते, पण साडेपाच ते सात या दीड तासात पाणी तुम्ही विसरत नाही, तिघांचे डबे विसरत नाही, सासूबाईंचा चहा विसरत नाही, तो त्यांना एकटीने प्यावा लागू नये म्हणून सोबत बसायचं हेसुद्धा विसरत नाही. अहो तुमची स्मरणशक्ती एकदम ठणठणीत आहे. तुमच्या सकाळीत गोळीला जागाच नाहीये. गोळीला हवं असतं रिकामं पोट आणि त्यानंतर अर्धा तास, जमलं तर तास, पाण्याशिवाय काही नाही, आणि तुमच्या घरात त्या वेळी तुमच्या नावावर अर्धा तास कुणीच ठेवलेला नाही. काउंटरवर मी हे इतक्या जणींकडून ऐकलंय, आणि प्रत्येक जण माझीच चूक असं म्हणून सांगते, तेव्हा जीव तुटतो.

आता ही गोळीच का राहते ते सांगते. डोकं दुखायची गोळी राहिली तर डोकंच आठवण करून देतं. थायरॉइडच्या गोळीचं तसं नाही, ती शरीरात फार सावकाश उतरते, आज घेतलेल्या औषधातलं साधारण निम्मं सात दिवसांनीही रक्तात असतं. त्यामुळे आज नाही घेतली तर आज काहीच होत नाही, उद्याही नाही. मनाला वाटतं बघ, नाही घेतली तरी चाललं की. आणि मग दोन-तीन महिन्यांनी जिना चढताना पाय जड होतात, केस गळतात, सकाळी तोंड सुजल्यासारखं वाटतं, काही न खाता वजन वाढतं, आणि ते आपण वयावर नाहीतर दगदगीवर ढकलतो. त्या राहिलेल्या गोळ्यांशी त्याचा संबंध लागतच नाही कारण मधे एवढे दिवस गेलेले असतात.

पण याच गोष्टीत तुमच्या फायद्याचंही एक आहे. घाटकोपरला आठवलं ना, की आता काय उपयोग म्हणून सोडून देऊ नका. गोळी पर्समधे असेल तर ऑफिसला पोचून डबा खायच्या तासभर आधी घ्या, सकाळच्या पोह्यांना तोवर तीन-साडेतीन तास झालेले असतील. वेळ चार तासांनी पुढे गेली म्हणून काही बिघडत नाही, गोळी बुडली तर बिघडतं. अख्खी बाटली मात्र पर्समधे फिरवू नका, दोन गोळ्या छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि दर सोमवारी त्या बदला.

आता घरातलं. अलार्म तुमच्या उपयोगाचा नाही हे तुम्हीच लिहिलंय, तो वेळ सांगतो पण त्या वेळी हात मोकळे नसतात. त्यापेक्षा गोळी अशा कामाला बांधा जे तुमच्याकडून चुकूच शकत नाही. तुमच्या घरी ते पाणी आहे. साडेपाचला नळ आला की तुम्ही उठताच, उठावंच लागतं. बाटली मोरीत नको, ओल लागते, पण मोरीच्या बाहेर ज्या मांडणीवरून तुम्ही पाइप उचलता तिथे पाइपाला खेटून ठेवा, शेजारी रात्रीच झाकून ठेवलेलं भांडंभर पाणी. आधी गोळी, मग पाइप. नळ सोडायच्या आधी, नंतर नाही, कारण एकदा नळ सोडला की तुम्ही पाण्याच्या मागे लागता. माझ्या एका गिऱ्हाइकाने करी रोडच्या चाळीत असंच केलं होतं, ती तर बाटली पाइपाच्या वेटोळ्यातच ठेवायची, बाटली बाजूला काढल्याशिवाय पाइप हातातच यायचा नाही.

साडेपाचला गोळी गेली की सहाच्या चहाला अर्धा तास होतो. काठावर आहे पण होतो. चहा सव्वासहाला सरकला तर उत्तम, आणि ते सासूबाईंशी बोलायला हवं. सांगा त्यांना सरळ, आई, माझ्या गोळीला पाऊण तास लागतो, तुम्ही सहाला घ्या मी शेजारी बसते, नाहीतर आपण दोघी सव्वासहाला घेऊ. माझा अनुभव असा की सासूबाईंना कुणी हे सांगितलेलंच नसतं. त्यांना वाटतं गोळी काय, गिळली की झालं. दुधाचा चहा मागोमाग पोटात गेला की गोळी नीट शोषली जात नाही हे घरात फक्त आपल्याला माहीत असतं आणि आपण ते मनातच ठेवतो.

मिस्टरांनाही एक काम द्या. ते ६:४० ला निघताना त्यांनी फक्त विचारायचं, गोळी झाली का. लक्षात ठेवता येत नाही का, असं नाही, झाली का, एवढंच. आणि झाली नसेल तर ती आणून हातावर ठेवायची. घरातलं माणूस आजारी असलं की आपण एवढं करतोच, हा आजार दिसत नाही म्हणून करायचं राहतं.

रात्री झोपताना घेतली तर चालेल का असं अजून चार जणींनी विचारलंय म्हणून इथेच सांगते. चालते, पण डॉक्टरांना सांगून. नेदरलँड्समधला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यात ९० पेशंटना तीन महिने सकाळी आणि तीन महिने झोपताना गोळी दिली होती, आणि झोपतानाच्या गोळीने टीएसएच आणखी चांगला खाली आला. पण जेवण आणि गोळी यात निदान तीन तास हवेत. संध्याकाळी सातला जेवणाऱ्या घरात हे छान जमतं. तुम्ही फोर्टवरून भांडुपला आठला पोचत असाल, जेवण साडेनऊ, मग गोळी साडेबाराला आणि उठायचं साडेपाचला, नको. तुमच्यासाठी पाइपच बरा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी उत्तर एवढं लांबवलं. डॉक्टरांना जाऊन खरं सांगा. उद्याच सांगा. त्यांना वाटतंय तुम्ही रोज पन्नासची घेताय आणि ती कमी पडतेय, म्हणून त्यांनी पंच्याहत्तर केली. प्रत्यक्षात तुम्ही आठवड्याच्या सातपैकी तीन-चारच घेत होतात. आता पाइपाची युक्ती जमली आणि तुम्ही पंच्याहत्तरची रोजच्या रोज घ्यायला लागलात तर ती जास्त होऊ शकते, मग धडधड, हातांना कंप, झोप उडणं, घाम. असं झालेल्या बायका मी काउंटरवर बघितल्यात, आणि मग त्या म्हणतात गोळी सोसत नाही आणि बंदच करतात. डॉक्टर रागावतील म्हणून भीती वाटत असेल तर पत्रातली ती एक ओळ, आठवड्यातून तीन-चार दिवस राहते, एवढीच कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. डोस कुठलाही ठरला तरी सहा ते आठ आठवडे नीट घेऊन मग परत टीएसएच, त्याच्या आधी केला तर खरं चित्र दिसत नाही.

बाटलीचा हिशोबही करत जा. मला माझ्या स्वतःच्या गोळ्या बुडतात हे असंच कळलं. मी लोकांना रोज सांगायचे उपाशीपोटी घ्या, चुकवू नका, आणि माझा आवाज घोगरा झाला होता, पाय सुजत होते आणि मला वाटायचं दिवसभर उभी असते म्हणून. एक दिवस १०० ची बाटली रिकामी झाली म्हणून दुसरी घ्यायला गेले आणि बिलावरची तारीख बघितली, साडेचार महिने झाले होते. म्हणजे तीसच्या वर गोळ्या मी घेतल्याच नव्हत्या आणि मला एकही आठवत नव्हती. तेव्हापासून बाटली उघडली की झाकणावर मार्करने तारीख टाकते. १ जूनला उघडलेली १०० ची बाटली ८ सप्टेंबरला संपायलाच हवी. त्या दिवशी आत जेवढ्या खडखडतील तेवढ्या बुडाल्या. आता बऱ्याच बाटल्या १२० च्या येतात, मग तारीख त्याप्रमाणे.

प्रश्न : मी विमानतळावर ग्राउंड स्टाफला आहे, पुरुषांना थायरॉइड होतं हेच मला दोन वर्षांपूर्वी कळलं. शिफ्ट बदलत राहते, कधी सकाळी सहाची, कधी दुपारी दोनची, कधी नाइट. डॉक्टर म्हणाले रोज सकाळी उपाशीपोटी. नाइटवरून घरी येतो तेव्हा सकाळ असते पण पोट रिकामं नसतं, कारण पहाटे चारला कँटीनमधे काहीतरी खाल्लेलं असतं. मग सकाळ म्हणजे नक्की कधीची? – अंधेरी

उत्तर : होतं हो पुरुषांनाही, बायकांना बरंच जास्त होतं म्हणून पुरुषांच्या बाबतीत ते ध्यानात यायला उशीर लागतो.

गोळीला घड्याळ कळत नाही, तिला पोट कळतं. डॉक्टरांनी सकाळ म्हटलं कारण बहुतेकांचं पोट सकाळी रिकामं असतं. तुमची सकाळ म्हणजे तुम्ही झोपून उठता ती वेळ, मग ती पहाटे साडेचार असो की दुपारी तीन. बाटली उशाजवळ, मोबाइल चार्जिंगला लावता तिथेच, उठून मोबाइलला हात लावायच्या आधी गोळी. शिफ्ट बदलते त्या दिवशी दोन गोळ्यांमधे कधी १६ तास होतील कधी ३० तास होतील, वर भांडुपच्या ताईंना सांगितलं तसं ही गोळी शरीरात बरेच दिवस टिकते त्यामुळे एवढ्याने फरक पडत नाही. फक्त एका झोपेला एकच. नाइटनंतर सकाळी आठला झोपलात, बाराला बेल वाजली म्हणून उठलात, परत झोपलात आणि चारला उठलात, अशा दिवशी गोंधळ होतो. त्यासाठी गोळी घेतली की बाटली उलटी करून ठेवा आणि शिफ्टला निघताना सरळ करा. उलटी दिसली की झाली.

पित्ताची गोळी किंवा ते गुलाबी पातळ औषध तुम्ही नाइटला घेत असाल, शिफ्टवाले बरेच जण घेतात, तर तेही डॉक्टरांना सांगा. अँटासिडमुळे थायरॉइडची गोळी कमी शोषली जाते, दोघांत चार तास ठेवावे लागतात.

प्रश्न : गणपतीला गावी, राजापूरकडे गेलो आणि बाटली इथे परळला राहिली. सात दिवस गोळी नाही. परत आल्यावर राहिलेल्या भरून काढायच्या का? आणि दरवर्षी हेच होतं.

उत्तर : भरून काढायच्या नाहीत. सात दिवसांच्या सात गोळ्या एकदम किंवा रोज दोन-दोन असं काहीही करू नका, विशेषतः हृदयाचा त्रास असेल किंवा वय झालं असेल तर अजिबातच नाही. आलात त्या दिवसापासून नेहमीची एक चालू करा. एखादी गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यायची, पण दुसऱ्या दिवशी डबल घ्यायची का हे प्रत्येकाचं वेगळं असतं, ते आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा म्हणजे दरवेळी शंका नको.

पुढच्या वर्षासाठी, मखराचं सामान, आरतीचं पुस्तक, टाळ हे ज्या पिशवीत जातं ना, त्यात एक स्ट्रिप वर्षभर ठेवू नका, जुनी होईल, पण त्या पिशवीत एक चिठ्ठी मात्र ठेवा, गोळी घेतली का. पिशवी भरताना ती हाताला लागेल. आणि डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनचा आणि बाटलीच्या लेबलचा फोटो मोबाइलमधे हवाच. तालुक्याच्या गावात कुठल्याही मेडिकलवर ही गोळी मिळते, पण तोंडी सांगू नका. ही गोळी मिलिग्रॅममधे नाही मायक्रोग्रॅममधे असते आणि पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी, शंभर, एकशे पंचवीस अशा किती तरी ताकदी असतात. गर्दीत एकशे पंचवीस म्हटलेलं पंचवीस ऐकू येतं. आमच्याकडे असं एकदा होता होता राहिलं, गिऱ्हाइकाने बाटलीचा रंग नेहमीचा नाही म्हणून परत दाखवली म्हणून कळलं. कंपनीही शक्यतो तीच घ्या, आणि कायमची बदलली तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करून घ्या.

प्रश्न : हरतालिकेला आमच्याकडे निर्जळी असते, तेव्हा गोळी पाण्याबरोबर घेतली तर उपास मोडतो का? संकष्टीला, नवरात्रातही मी गोळी घेत नाही. – दादर

उत्तर : औषधाला उपास नसतो असं माझी आजी म्हणायची, आणि ती स्वतः कडक उपास करणारी होती. गोळी आणि दोन घोट पाणी घ्या. उलट उपासाच्या दिवशी पोट रिकामंच असतं, म्हणजे गोळीसाठी तो चांगला दिवस. संकष्ट्या आणि नवरात्रातले नऊ दिवस मिळून वर्षाला एकवीस-बावीस गोळ्या जातात तुमच्या, एवढ्या नका घालवू.

प्रश्न : ताई मी १९ वर्षांची आहे, रुपारेलला शिकते. मला दीड वर्षापासून गोळी आहे. खरं सांगते मी खूपदा घेत नाही. टेस्टच्या आधी आठ दिवस मात्र नीट घेते म्हणजे रिपोर्ट चांगला येईल आणि आई ओरडणार नाही. या वेळी रिपोर्ट विचित्र आला, टीएसएच जास्त पण टी-फोर एकदम नॉर्मल. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. असं का? आणि केसांसाठी बायोटिन घेते ते चालतं ना?

उत्तर : डॉक्टर बघत राहिले कारण त्यांना कळलं. टी-फोर म्हणजे आत्ता रक्तात किती औषध आहे ते, आणि ते आठ दिवस नीट घेतलं की वर येतं. टीएसएच हा मेंदूतल्या छोट्या ग्रंथीचा निरोप असतो, ती गेल्या दीड-दोन महिन्यांचं बघून हळूहळू बदलते, आठ दिवसांत तिचं मत बदलत नाही. म्हणजे एक आकडा म्हणतो औषध भरपूर आहे आणि दुसरा म्हणतो कित्येक दिवस मिळालेलं नाही. हे दोन्ही एकत्र दिसले की डॉक्टरांच्या मनात पहिली शंका हीच येते की मधल्या काळात गोळ्या बुडाल्यात.

मी तुला ओरडत नाहीये. १९ व्या वर्षी आयुष्यभर रोज एक गोळी हे ऐकायला किती जड वाटतं ते मला ठाऊक आहे, मी स्वतः त्या वयात नव्हते तरी मला जड गेलं होतं. पण तू ज्या गोष्टींसाठी धडपडतेयस, अभ्यासात लक्ष लागणं, केस, वजन, पाळी वेळेवर येणं, त्या सगळ्याची दोरी या गोळीच्या हातात आहे गं. १८९१ साली इंग्लंडमधल्या जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरने अशाच आजाराच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला होता, तोपर्यंत या आजाराला औषधच नव्हतं, माणसं सुजून, सुस्त होऊन हळूहळू जायची. ती बाई त्यानंतर २८ वर्षं जगली. तुझ्याकडे त्याच औषधाची मोहरीपेक्षा जरा मोठी गोळी आहे आणि ती दोन घोट पाण्यात जाते.

बायोटिनमुळे टेस्टचे आकडे चुकीचे येऊ शकतात, टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. टेस्टच्या निदान दोन दिवस आधी ते बंद ठेव, डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचार, आणि लॅबमधेही सांग. टेस्टच्या दिवशी गोळी बरोबर ने आणि रक्त दिल्यावर घे. आणि आईला एकदा सांगून टाक. सकाळी तुझ्याबरोबर गोळी घेणारं कुणी घरात असेल, बाबांची बीपीची, आजीची साखरेची, तर दोघांनी एकमेकांना विचारायचं. कुणावर तरी आपण लक्ष ठेवतोय असं वाटलं की आपलीही राहत नाही, तुझ्या वयाच्या दोन मुलींचं असं जमलेलं मी बघितलंय.

प्रश्न : नवीन लग्न झालंय, मूल हवंय. गोळी चालू ठेवायची ना? – विक्रोळी

उत्तर : चालू ठेवायचीच, एकही दिवस बंद नाही. उलट दिवस राहिले की पहिल्या काही आठवड्यांतच औषधाची गरज वाढते, म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह दिसली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. मग लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतील, त्या थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. ही सकाळी, त्या दुपारी आणि रात्री जेवणानंतर, असं डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

प्रश्न : आमचं उलटं आहे. माझ्या आई ७८ वर्षांच्या आहेत, गिरगावात माझ्याकडेच असतात. त्या गोळी घेतात, आणि घेतलेली विसरतात आणि परत घेतात. परवा आठला मी दिली आणि साडेनऊला त्या बाटली घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, मी आज घेतलीच नाही. वाद घातला की रडतात. दोनदा गेली तर काय होतं? मी नोकरी करते, घरी त्या आणि कामवाली बाई.

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझ्या सासूबाई आठवल्या, शेवटची तीन वर्षं आमच्याकडे हेच होतं.

एखाद्या दिवशी एक गोळी जास्त गेली तर सहसा काही होत नाही, दुसऱ्या दिवशीची द्यायची का ते डॉक्टरांना फोन करून विचारा आणि छातीत धडधड, दुखणं, दम असं काही वाटलं तर लगेच दाखवा. पण रोज जास्त जात राहिली तर या वयात हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडं ठिसूळ होतात, म्हणून हे थांबवायलाच हवं. आधी बाटली त्यांच्या नजरेआड करा, कुलूप लावलं तरी चालेल. सात खणांची डबी मिळते, सोम, मंगळ, बुध असं लिहिलेली, ती आठवड्याची भरा, फक्त आठवड्याचीच, कारण या गोळीला ओल, ऊन आणि उजेड सोसत नाही आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर मिठालाही पाणी सुटतं. बाकीच्या मूळ बाटलीत, आतली ती छोटी पुडी फेकायची नाही. बाटली गॅसच्या वरच्या फळीवर नको, फ्रिजच्या डोक्यावर नको, तिथे ऊब असते. कपड्यांचं कपाट चांगलं.

पण नुसत्या डबीने वाद मिटत नाही. रिकामा खण दाखवला तर माझ्या सासूबाई म्हणायच्या, तूच काढून घेतलीस. त्यांचा विश्वास बसायचा तो स्वतःच्या अक्षरावर. त्यांनी आयुष्यभर दुधाचा खाडा कॅलेंडरवर लिहिलेला, कुठल्या दिवशी दूध आलं नाही ते तारखेच्या चौकोनात, महिन्याच्या शेवटी भय्याशी हिशोब. म्हणून मी कालनिर्णय त्यांच्या खाटेसमोर टांगलं, पेन दोरीने बांधलं, आणि गोळी घेतली की त्यांनीच त्या चौकोनात टिंब काढायचं. राहिली तर मी खाडा लिहायचे, लाल पेनने. नऊ वाजता त्या म्हणाल्या की घेतली नाही, तर मी काही बोलायचे नाही, फक्त कॅलेंडरकडे बोट करायचे. त्या चष्मा लावायच्या, आपलं टिंब बघायच्या, ओळखायच्या, आणि म्हणायच्या, हो गं, झाली की.

तुमच्या आईंचा हात चालत असेल तर टिंब त्यांनाच काढू द्या, तुम्ही काढलंत तर ते त्यांचं राहत नाही. तुम्ही ऑफिसला जायच्या आधी गोळी आणि टिंब दोन्ही तुमच्यासमोर झालं पाहिजे, कामवाल्या बाईंवर हे टाकू नका, त्यांनी फक्त बाटली हाताला लागणार नाही एवढं बघायचं. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा ते कॅलेंडरचं पान फाडून बरोबर न्या. आमच्या डॉक्टरांनी ते पान फाइलला लावून ठेवलं होतं. ऑगस्टचं होतं, एकतीस चौकोन, एकोणतीस निळी टिंबं, काही चौकोनाच्या बाहेर गेलेली, आणि दोन लाल खाडे.